अभिजात जॅझची उच्च-विभेदन डिजिटल ध्वनिमुद्रणे : आकडे, मूळ फीत आणि ग्राहकाचा विवेक

सारांश

१९५० व १९६० च्या दशकांतील जॅझ संगीताचे नामांकित संच आज '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' अशा शिक्क्यासह डिजिटल फाइलच्या रूपाने विकले जातात. सीडीच्या तुलनेत त्यांची किंमत सहसा अधिक असते. हा शिक्का नेमके काय सांगतो, काय सांगत नाही आणि व्यक्तिगत रसिकाने तसेच महाविद्यालयीन ग्रंथालयाने खरेदीपूर्वी काय तपासावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. फाइलवरील आकडे साठवणुकीची क्षमता दर्शवितात. ध्वनीची प्रत मात्र मूळ फीत, तिचा प्रवास आणि मास्टरिंग यांवर ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : जॅझ, ध्वनिमुद्रण, उच्च-विभेदन, मूळ फीत, स्वामित्वहक्क, ग्रंथालय.

प्रस्तावना

पवना नदीकाठचे थेरगाव आज पिंपरी-चिंचवड महानगराचा एक गजबजलेला निवासी भाग आहे. एका अंगाला चिंचवड-भोसरीचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल, अशा दोन उद्योगविश्वांच्या मध्ये ही वस्ती वाढली. येथील संगीतरसिकाला १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव जवळचा आहे. परंतु माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन किंवा डेव्ह ब्रूबेक यांचे संच ऐकावयाचे तर त्याला प्रामुख्याने इंटरनेटवरच अवलंबून राहावे लागते. तेथे एकाच संचाच्या अनेक प्रती त्याच्यासमोर येतात : एमपी३, सीडीच्या दर्जाची, २४ बिट ९६ किलोहर्ट्झची, १९२ किलोहर्ट्झची, शिवाय डीएसडी नावाच्या निराळ्या पद्धतीची. आकडा वाढतो तशी बहुधा किंमतही वाढते. त्या वाढीव किमतीत ग्राहकाच्या पदरी नेमके काय पडते, हा प्रश्न भौतिकशास्त्र, वाणिज्य, विधी आणि संगीत या चारही विद्याशाखांना स्पर्श करणारा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी औद्योगिक पट्ट्यातील एक नित्याचा व्यवहार उपयोगी पडतो. लेथवर तयार झालेला जॉब मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजला जातो. मात्र ते माप अचूक आले म्हणून पोलाद चांगल्या प्रतीचे ठरत नाही. पोलादाची प्रत कळण्यासाठी गजावरील हीट नंबर आणि त्यासोबत आलेले टेस्ट सर्टिफिकेट पाहावे लागते. माप ही एक गोष्ट आणि मालाचे मूळ ही दुसरी. उच्च-विभेदन ध्वनिमुद्रणाच्या विक्रीत या दोन गोष्टींची गल्लत होते.

जॅझ आणि महाराष्ट्र-गोवा : विषयाची स्थानिक पार्श्वभूमी

जॅझ हे सर्वस्वी परके संगीत आहे, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यासाठी आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आदी आफ्रिकी-अमेरिकी वादकांनी मुंबईत हे संगीत रुजविले. त्यांच्यापासून गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. बार्देशातील हळदोणे गावचे अंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध झाले. मूळचे पुणतांब्याचे असलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात चिक चॉकलेट यांच्या कौशल्याचा उपयोग करून घेतला. मास्टर भगवान यांच्या नृत्यासह ती गाणी घराघरांत पोहोचली. ती ऐकताना आपण जॅझचा ताल ऐकत आहोत याची जाणीव फार थोड्या श्रोत्यांना असावी.

१९५८ साली डेव्ह ब्रूबेक यांनी भारताचा दौरा केला. त्या वेळी मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्यांनी वादन केले. जॉन कोल्ट्रेन यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड येथे 'इंडिया' या शीर्षकाची रचना ध्वनिमुद्रित केली. १९६८ साली शंकर-जयकिशन यांचा 'रागा-जॅझ स्टाइल' हा संच निघाला. त्यात रईस खाँ यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन एकत्र ऐकू येतो. पुढे निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' भरू लागली. सारांश, येथील महाविद्यालयाने अभिजात जॅझचा संग्रह करणे म्हणजे आपल्याच सांस्कृतिक इतिहासाचा एक धागा जपणे होय.

आकड्यांचा अर्थ

ध्वनी ही सलग बदलणारी लहर आहे. डिजिटल मुद्रणात या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजली जाते आणि ते मोजमाप अंकांत लिहून ठेवले जाते. एका सेकंदात किती वेळा मोजमाप घेतले, तो नमुनादर. आणि प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहिले, ती बिटसंख्या. मापन-उपकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर बिटसंख्या म्हणजे त्या उपकरणाचे लघुत्तम माप होय.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ४४,१०० हर्ट्झ नमुनादर आणि १६ बिट हे प्रमाण ठरले. नायक्विस्ट व शॅनन यांच्या सिद्धान्तानुसार नमुनादराच्या निम्म्याहून कमी असलेली प्रत्येक वारंवारता त्या नमुन्यांतून पूर्णपणे पुन्हा उभी करता येते. म्हणजे सीडीवर सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. मानवी कानाची वरची मर्यादा तरुणपणी सुमारे २०,००० हर्ट्झ असते आणि वयाबरोबर ती खाली येते. नमुन्यांच्या मध्ये पायऱ्या राहतात, म्हणून सीडीचा आवाज 'तुटक' असतो, ही लोकप्रिय समजूत या सिद्धान्तापुढे टिकत नाही. कारण ध्वनी परत मिळविताना त्या नमुन्यांतून सलग लहरच निर्माण होते.

बिटसंख्येचा संबंध सर्वांत मोठा आवाज आणि मागे राहणारी खरखर यांतील अंतराशी आहे. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या असतात आणि हे अंतर सुमारे ९६ डेसिबल भरते. २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६ पातळ्या असून सैद्धान्तिक अंतर सुमारे १४४ डेसिबल होते. आता ज्या वस्तूचे मोजमाप घ्यावयाचे ती पाहू. १९५० च्या दशकातील स्टुडिओ-फितीवर हे अंतर साधारणपणे ६० ते ७० डेसिबल इतकेच असे. डॉल्बी यांची खरखर-नियंत्रण पद्धती १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर आली. तात्पर्य, १९५९ सालच्या फितीत जेवढा ध्वनी-विस्तार आहे तो सीडीच्या १६ बिटमध्येही सहज मावतो. उरलेल्या बिटमध्ये फितीची सळसळ अधिक सूक्ष्मतेने नोंदली जाते, एवढेच.

फाइलच्या आकारात मात्र मोठा फरक पडतो. असंकुचित स्वरूपात सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटास सुमारे १०.६ मेगाबाइट, तर २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या एका मिनिटास सुमारे ६९ मेगाबाइट जागा लागते. पंचेचाळीस मिनिटांचा संच पहिल्या प्रकारात अर्ध्या गिगाबाइटहून कमी आणि दुसऱ्या प्रकारात तीन गिगाबाइटहून अधिक भरतो. फ्लॅक या २००१ पासून प्रचलित असलेल्या पद्धतीने एकही अंक न गमावता हा आकार बराच कमी करता येतो. एमपी३ मध्ये मात्र माहिती कायमची टाकून दिली जाते.

मूळ फितीचा प्रवास

आकड्यांनी न सुटणारा प्रश्न कोणता, हे माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या संचाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. हा संच २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत तीन पट्ट्यांच्या फितीवर मुद्रित झाला. पहिल्या दिवशी मुख्य यंत्र किंचित मंद गतीने चालत होते. मंद गतीने मुद्रित झालेली फीत योग्य गतीने वाजविली की सूर चढतो. त्यामुळे तबकडीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना सुमारे सव्वा टक्का चढ्या स्वरात प्रसिद्ध झाल्या. जगभरातील वादकांनी तीस वर्षांहून अधिक काळ त्याच चढ्या स्वरांबरोबर आपली वाद्ये जुळवून सराव केला. त्या दिवशी सुरक्षिततेसाठी एक दुसरेही यंत्र चालू ठेवले होते आणि त्याची गती बरोबर होती. १९९२ सालच्या आवृत्तीसाठी या दुसऱ्या फितीचा आधार घेऊन ही चूक दुरुस्त करण्यात आली.

सव्वा टक्का हा फरक किती, हे भारतीय श्रोत्याला लगेच कळू शकते. नाट्यशास्त्रातील प्रमाणश्रुती अनेक अभ्यासक ८१:८० या गुणोत्तराने मांडतात. ते गुणोत्तर म्हणजे बरोबर सव्वा टक्का. म्हणजे जगातील सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या जॅझ संचाची एक बाजू साधारण एका प्रमाणश्रुतीने चढी होती. जुन्या फितीवरून २४ बिटमध्ये प्रत काढली असती तरी ही चूक तितक्याच सूक्ष्मतेने नोंदली गेली असती. आणि दुरुस्त फितीवरून काढलेल्या साध्या सीडीवर सूर योग्यच लागतो. आपल्याकडील जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे संग्राहक हा प्रश्न चांगला जाणतात. आरंभीच्या काळातील तबकड्यांची गती एकसारखी नसे. त्यामुळे योग्य गती ठरविल्याशिवाय गायकाची पट्टी सांगता येत नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेसारख्या संग्राहक-मंडळींनी जपलेल्या तबकड्यांचे मोल अशा वेळी ध्यानात येते.

दुसरे उदाहरण जॉन कोल्ट्रेन यांच्या 'अ लव्ह सुप्रीम' या संचाचे आहे. ९ डिसेंबर १९६४ रोजी रूडी व्हॅन गेल्डर यांच्या न्यू जर्सीतील स्टुडिओत तो मुद्रित झाला. पुढील आवृत्त्या दीर्घकाळ उत्तरोत्तर प्रतींवरून निघत राहिल्या. १९६५ मध्ये इंग्लंडमधील ईएमआय कंपनीकडे पाठविलेली एक चांगली प्रत सापडल्यावर २००२ च्या आवृत्तीसाठी ती वापरण्यात आली. फितीवरून फीत काढताना प्रत्येक पिढीत सळसळ वाढते आणि तपशील झिजतो. म्हणून प्रत कोणत्या पिढीतील आहे, हा प्रश्न ती किती बिटची आहे या प्रश्नाआधी विचारावयास हवा. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या परिसरात लागलेल्या आगीत ध्वनिफितींचे एक भांडार सापडले. नेमके किती नुकसान झाले याविषयी २०१९ मध्ये वाद झाला. परंतु मूळ फिती चिरंतन नाहीत, हे त्या घटनेने सर्वांच्या ध्यानी आणून दिले.

मूळ फितीनंतर मास्टरिंगचा टप्पा येतो. या टप्प्यावर अभियंता स्वरांचा समतोल साधतो आणि आवाजाची एकूण पातळी ठरवितो. १९९० च्या दशकापासून आवाज मोठा वाटावा म्हणून मंद आणि तीव्र ध्वनींतील अंतर दाबून टाकण्याची प्रथा बळावली. ब्रशने घासलेल्या ड्रमचा हलका स्पर्श आणि ट्रम्पेटचा एकाएकी उसळणारा सूर यांतील फरक हाच जॅझचा प्राण असल्याने या प्रथेचा फटका या संगीताला विशेष बसतो. १४४ डेसिबल मावणाऱ्या फाइलमध्ये दाबून चपटा केलेला ध्वनी भरला, तर त्या रिकाम्या जागेचा श्रोत्याला काहीच उपयोग नाही.

श्रवण-प्रयोग काय सांगतात

वाढीव विभेदन कानाला कळते काय, याविषयी दोन अभ्यास वारंवार उद्धृत केले जातात. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी उच्च-विभेदन तबकड्यांचा ध्वनी कधी थेट, तर कधी मध्ये १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घालून श्रोत्यांना ऐकविला. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवूनही असाच निकाल लागला असता. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. हा फरक अल्प असला तरी संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण होता आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये तो अधिक दिसला.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता असा निष्कर्ष निघतो की, फरक असलाच तर तो फार सूक्ष्म आहे. मेयर व मोरान यांचे आणखी एक निरीक्षण ग्राहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. उच्च-विभेदन तबकड्यांपैकी बहुतेकांचा आवाज सर्वसाधारण सीडींपेक्षा खरोखर चांगला वाटला. परंतु त्याचे कारण बिटसंख्या हे नसून त्या तबकड्यांसाठी अधिक काळजीने केलेले मास्टरिंग हे होते. म्हणजेच महागडी प्रत चांगली वाटणे हा भ्रमच असतो असे नाही. पुष्कळदा तिचे कारण मात्र निराळेच असते.

कान आणि विश्वास यांचे नाते किती नाजूक असते, हे २०२२ सालच्या एका प्रकरणाने दाखविले. 'मोबाइल फिडेलिटी' ही अमेरिकी कंपनी मूळ फितींवरून दर्जेदार तबकड्या काढण्यासाठी नावाजलेली होती. तिच्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत एक डिजिटल टप्पा असल्याचे त्या वर्षी उघड झाले. तत्पूर्वी अनेक वर्षे त्या तबकड्या निखळ ॲनालॉग ध्वनीचा नमुना म्हणून वाखाणल्या जात होत्या. पुढे न्यायालयीन तडजोडीत कंपनीने सुमारे अडीच कोटी डॉलरची भरपाई देऊ केली. ग्राहकांची मुख्य तक्रार मालाचे मूळ सांगितले गेले नाही, ही होती.

मग उच्च-विभेदनाचा उपयोग कोठे?

यावरून २४ बिट मुद्रण निरर्थक आहे असे समजणे चुकीचे ठरेल. कारखान्यात जॉब अंतिम मापाचा करावयाचा असला तरी कच्चा माल थोडा मोठा घेतात. घासण्या-कापण्यासाठी तेवढी जागा राखावी लागते. ध्वनीचेही तसेच आहे. मुद्रण, संपादन, खरखर काढणे, पातळी बदलणे या प्रत्येक क्रियेत सूक्ष्म चुका साठत जातात आणि २४ बिटची वाढीव जागा त्या चुका ऐकू न येण्याइतक्या खाली ठेवते. ध्वनि-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जतनासाठी किमान २४ बिट ४८ किलोहर्ट्झ हे प्रमाण सांगितले असून ९६ किलोहर्ट्झची शिफारस केली आहे.

चिक चॉकलेट यांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा विचार केल्यास हे अधिक पटते. त्या तबकड्यांवरील संगीताचा विस्तार सीडीच्या मर्यादेहून पुष्कळच कमी आहे. तरीही त्यांचे जतन उच्च-विभेदनात करणे योग्य, कारण खरखरीचे आघात नेमके ओळखून ते काढण्यास वाढीव माहिती उपयोगी पडते. मात्र अशा तबकडीवरून काढलेली फाइल केवळ '१९२ किलोहर्ट्झ' या शिक्क्यामुळे श्रोत्याने अधिक किंमत देऊन घ्यावी, याला आधार नाही. उच्च-विभेदन ही प्रामुख्याने कार्यशाळेची गरज आहे. श्रोत्याच्या दिवाणखान्यात तिचे महत्त्व दुय्यम ठरते.

खरेदी, परवाना आणि ग्रंथालय

डिजिटल फाइल 'विकत घेतली' याचा कायदेशीर अर्थ पुस्तक विकत घेण्याहून वेगळा आहे. सामान्यतः ग्राहकाला व्यक्तिगत वापराचा परवाना मिळतो. दुकान बंद पडले तरी उतरवून घेतलेली, कुलूपबंद नसलेली फाइल त्याच्याजवळ राहते, हा तिचा मोठा लाभ. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू केलेले 'फ्लाइट' हे एमपी३ विक्रीचे दालन जून २०१३ मध्ये बंद झाले. ज्यांनी फाइल उतरवून ठेवल्या होत्या त्यांचे संगीत टिकले. मासिक वर्गणीच्या सेवेत, २०२१ पासून ॲपल म्युझिकने देऊ केलेल्या उच्च-विभेदन सेवेसह, वर्गणी थांबली की संगीतही थांबते. कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, परत काढून घेता येणाऱ्या डिजिटल वस्तूसाठी 'खरेदी' हा शब्द वापरताना विक्रेत्याला ती परवाना असल्याचे स्पष्ट करावे लागते. कायमची उतरवून घेता येणाऱ्या फाइलला मात्र त्यातून सूट आहे.

महाविद्यालयाच्या दृष्टीने आणखी एक भेद लक्षणीय आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने 'व्यावसायिक भाडे' या संज्ञेची व्याख्या घालण्यात आली. ना-नफा ग्रंथालयाने वा शिक्षणसंस्थेने कायदेशीररीत्या मिळविलेली ध्वनिमुद्रणाची प्रत ना-नफा हेतूने उसनी देणे हे त्या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे सीडी ग्रंथालयातून देता येते. उतरवून घेतलेल्या फाइलची स्थिती मात्र विक्रेत्याच्या करारावर अवलंबून असते आणि बहुतेक करार केवळ व्यक्तिगत वापरास मुभा देतात. प्राध्यापकाने स्वतःच्या नावे घेतलेली फाइल संस्थेच्या सर्व्हरवर ठेवणे म्हणूनच अडचणीचे ठरू शकते. विद्यार्थी व कर्मचारी यांच्यापुरत्या मर्यादित श्रोत्यांसमोर, शैक्षणिक कार्याचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकविण्यास कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, ही बाब अध्यापनासाठी दिलासा देणारी आहे.

मुदतीचा प्रश्नही येथे येतो. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे टिकतो. या हिशेबाने १९५९ साली प्रकाशित झालेल्या मुद्रणावरील हक्काची मुदत २०१९ अखेर संपते. रचनेवरील हक्क वेगळा असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. माइल्स डेव्हिस यांचे निधन १९९१ साली झाले. अमेरिकेत १९५७ ते १९७२ च्या आरंभापर्यंतच्या ध्वनिमुद्रणांना २०१८ च्या कायद्याने फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण दिले आहे, तर युरोपात १९६२ पर्यंतच्या मुद्रणांची मुदत केव्हाच संपली. या तफावतीमुळे ज्यांच्याजवळ मूळ फीत नाही असे प्रकाशकही जुन्या तबकड्यांवरून वा सीडींवरून प्रती काढून कायदेशीर विक्री करू शकतात. स्वस्त प्रत बेकायदा असेलच असे नाही. परंतु तिचे मूळ तपासणे अधिक निकडीचे ठरते.

खरेदीपूर्व तपासणी

उपरोक्त विवेचनाच्या आधारे खरेदीदाराला पुढील क्रमाने विचार करता येईल.

पहिली बाब, मूळ स्रोत. फाइल कोणत्या फितीवरून, कोणत्या वर्षी आणि कोणत्या अभियंत्याने तयार केली, हे विक्रेता सांगतो काय? अमेरिकेतील उद्योग-संघटनांनी २०१४ साली उच्च-विभेदनाची व्याख्या करताना स्रोत दर्शविणारी चार चिन्हे सुचविली होती : ॲनालॉग फीत, उच्च-विभेदन डिजिटल मुद्रण, डीएसडी आणि सीडी-दर्जाचे मास्टर. सीडी-दर्जाच्या मास्टरवरून काढलेली फाइलही उच्च-विभेदनाच्या नावाखाली येऊ शकते, याची कबुलीच त्यातील चौथ्या चिन्हात आहे.

दुसरी बाब, वर्णपटाची तपासणी. ऑडॅसिटीसारख्या मोफत संगणक-प्रणालीत फाइलचा वारंवारता-पट पाहता येतो. फितीवरून थेट घेतलेल्या मुद्रणात सळसळ २२,००० हर्ट्झच्या वरही हळूहळू विरत जाताना दिसते. त्या रेषेवर सारे काही कडा कापल्यासारखे थांबत असेल, तर फाइल सीडीवरून फुगविली असण्याची दाट शक्यता आहे.

तिसरी बाब, न्याय्य तुलना. जुनी सीडी आणि नवी उच्च-विभेदन फाइल यांची तुलना करणे म्हणजे दोन निरनिराळ्या मास्टरिंगची तुलना करणे होय. त्याऐवजी उच्च-विभेदन फाइलवरूनच १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची प्रत काढावी, दोन्हींची पातळी तंतोतंत सारखी ठेवावी आणि कोणती कोणती हे श्रोत्याला न सांगता ऐकवावे. आवाजाची पातळी किंचित जास्त असली तरी तीच प्रत कानाला चांगली वाटते, म्हणून हे पथ्य आवश्यक आहे. हा प्रयोग भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगीत विभागांना एकत्रितपणे, फारसा खर्च न करता करता येईल.

चौथी बाब, करार. फाइल कुलूपबंद आहे काय, पुन्हा उतरवून घेण्याची मुदत किती, संस्थेच्या नावे परवाना मिळतो काय आणि भारतातील ग्राहकाला विक्री होते काय, हे आधी पाहावे. हक्क देशागणिक दिले जात असल्याने काही संच येथील पत्त्यावर विकले जात नाहीत. खरेदीनंतर फाइलच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि संचाची माहितीपत्रिका सोबत जपणे हेही संग्रहाचेच काम आहे.

निष्कर्ष

उच्च-विभेदन फाइलवरील आकडे खोटे नसतात. ते एका मर्यादित प्रश्नाचे खरे उत्तर देतात. भांडे किती मोठे आहे, हे त्यांतून कळते. भांड्यात काय ओतले आहे, हे कळत नाही. १९५९ च्या फितीतील संगीत सामावून घेण्यास सीडीचा दर्जा बहुतांशी पुरेसा आहे. म्हणून नव्या आवृत्तीसाठी अधिक किंमत द्यावयाची असेल तर ती चांगली मूळ फीत, अचूक गती आणि काळजीपूर्वक मास्टरिंग यांसाठी द्यावी. मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयीन ग्रंथालयाने तर उसनी देता येणारी चांगल्या आवृत्तीची सीडी प्रथम घ्यावी. जी आवृत्ती केवळ फाइलरूपानेच मिळते, तिच्यासाठी संस्थात्मक परवान्याची लेखी विचारणा करावी. कारखान्याच्या दारात आलेला गज टेस्ट सर्टिफिकेटवाचून आत न घेणाऱ्या या औद्योगिक परिसराला ही शिस्त नवी नाही. तीच शिस्त संगीताच्या खरेदीतही पाळली गेली, तर पैसा वाचेल आणि त्या वादकांनी वाजविलेला सूर अधिक खरेपणाने विद्यार्थ्यांच्या कानी पडेल.